फक्त वाचण्यापुरती

अर्जातला एकच रकाना उरला होता: 'वाचनासाठी निवडलेली अतिरिक्त भाषा'. शुक्रवारी पाचच्या आत तो भरायचा होता. तिच्या प्रबंधाचा विषय जुने कालवे. त्यावरचं निम्मं लेखन एका परक्या भाषेत होतं आणि मार्गदर्शक बाईंनी तीच घ्यायला सांगितली होती. तिने लिहिली आईची.

"या भाषेत कालव्यांवर पुस्तकं किती?" बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"एक."

"एक! म्हणजे वर्षभर पालथ्या घड्यावर पाणी."

बाईंनी सही केली, पण पेन जरा जोरातच टेकवलं.

मागच्या हिवाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला होता. हातपाय हळूहळू सुधारले. पण तीस वर्षं जिच्यात संसार केला ती भाषा पुसली गेली. बोलता येईना, समजेना. उरली फक्त माहेरची, आणि ती घरात कुणालाच येत नव्हती. लग्नानंतर बाबांनीच बजावलं होतं, "घरात एकच भाषा. नाहीतर पोरांचं एक ना धड, भाराभर चिंध्या." आईने ते निमूट पाळलं. मामा होता तोवर फोनवर बोलायची; तो गेला, तेही संपलं.

आता ती खिडकीपाशी बसून तासन्‌तास बोले. बाबा शेजारी बसून दर वाक्याला "हो, हो" म्हणत.

"कळतं का तुम्हाला काही?" लेकीने एकदा विचारलं.

"छे. पण नाही म्हणायला मला तोंड कुठंय?"

भाषेच्या वर्गात तिघंच होते. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "उच्चारांच्या भानगडीत पडू नका. मी वीस वर्षं ही भाषा वाचतोय, बोललो एकदाही नाही. समोर कोश ठेवून उतारा उलगडला की तुम्ही पास."

तिला त्यात काही खटकलं नाही. बेत साधा होता: आईचा उजवा हात चालू लागलाय, ती लिहील, आपण वाचू.

वर्षभर ती लिपी घोटत राहिली. प्रबंध जागचा हलला नाही. परीक्षेत एकाहत्तर गुण पडले. त्याच संध्याकाळी तिने कोरी वही घेतली, मोठ्या अक्षरांत आईच्या भाषेत लिहिलं, 'आई, तुला काय हवंय?' आणि वही आईच्या मांडीवर ठेवली.

पडद्यावरची नक्षी पाहावी तसं आईने ते पाहिलं. वही उलटी धरली, पुन्हा सुलटी केली आणि परत दिली.

"तिला कुठलं वाचता येणार ते?" बाबा दारातून म्हणाले. "तिच्या शाळेत ती भाषा नव्हतीच. घरात बोलायचे, तेवढंच."

"बाबा, वर्षभरात हे सांगता आलं नाही?"

"तू विचारलंस कधी? मला वाटलं, बोलायला शिकतेयस."

ती उठली नाही. पिशवीत ते एकुलतं पुस्तक होतं. तिने मधलंच पान उघडलं आणि अक्षराला अक्षर जोडत मोठ्याने वाचू लागली. पावसाळ्यापूर्वी बांधाची दुरुस्ती करावी. तळातला गाळ काढून काठावर टाकावा.

आई आधी हसली. उच्चार भलतेच असणार. मग हसू थांबलं. तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं आणि बोलू लागली. वर्षभरात कधी बोलली नव्हती तशी, भरभर, मध्येच थांबून काही विचारत, उत्तरासाठी तोंडाकडे पाहत, पुन्हा तेच विचारत. लेक कानात प्राण आणून ऐकत होती. पाठ केलेल्या हजारो शब्दांतला एकही तिच्या हाती लागला नाही.

बाबा दार सोडून दोन पावलं आत आले.

"काय म्हणतेय गं?"

आई अजून उत्तराची वाट पाहत होती.

"हो," लेक तिला म्हणाली. "हो, हो."