एकशे बेचाळीस, जुनं की नवं

रोजच्या प्रार्थनेत घर बांधून ठेवायचं सामर्थ्य असतं. मिस्त्रींच्या घरात ते जरा जास्तच होतं: सकाळी साडेसहाला गीताची पहिली ओळ सुरू झाली की शेवटचं आमेन होईपर्यंत कोणाला संडासालाही जाता येत नसे.

मिस्त्री नळाची कामं करत. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती फोडून झाल्यावर त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप गेली आहे, बदलावी लागेल.

"झडप म्हणजे व्हॉल्व्हच ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"बरोब्बर!" डॉक्टर खूश झाले. पेशंटला समजतंय याचा त्यांना आनंद झाला, आणि तिथेच घोटाळा झाला. बाकीच्यांना झडप बदलणं म्हणजे काय ते माहीत नसतं, म्हणून ते मुकाट टेबलावर झोपतात. मिस्त्रींनी हयातीत दोनेक हजार व्हॉल्व्ह बदलले होते. त्यातले किती दुसऱ्याच दिवशी ठिबकले, हे एक त्यांना ठाऊक होतं आणि एक देवाला.

"व्हॉल्व्ह बदलायचा तर आधी मेन कॉक बंद करावा लागतो," ते घरी येऊन बायकोला म्हणाले. "माझा बंद केल्यावर परत सोडणार कोण?"

"डॉक्टर सोडतील की."

"मीही लोकांना हेच सांगायचो."

नाही म्हणून मोकळं व्हायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते म्हणायचे, "आधी प्रार्थना होऊ दे, मग बघू." या 'बघू'त शस्त्रक्रियेच्या दोन तारखा गेल्या. पहिल्या तारखेला सकाळी बायबलातला नेमलेला पाठ निघाला तो एका आजारी राजाचा. त्याला निरोप येतो की बाबा, घराची निरवानिरव कर. मिस्त्रींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"अहो, पण पुढे तो राजा चांगला पंधरा वर्षं जगला!" मिस्त्रीणबाई ओरडल्या.

"ते उद्याच्या पाठात आहे," मिस्त्री म्हणाले. आणि खरंच होतं. उद्याच्या पाठात राजा खडखडीत बरा झाला, पण तोवर इस्पितळात मिस्त्रींच्या खाटेवर दुसरंच कोणी झोपलं होतं.

दुसऱ्या तारखेला निघाला तो मोठाली कोठारं बांधणारा श्रीमंत, ज्याचा त्याच रात्री जीव मागितला जातो. "तुम्ही कुठले आलात श्रीमंत?" बाईंनी विचारलं. "जीव तर आहे ना," मिस्त्री म्हणाले आणि टॉवेल पिशवीतून परत दांडीवर गेला.

तिसऱ्या तारखेच्या वेळी इस्पितळातून फोन आला. यावेळी आला नाहीत तर दोन महिने नंबर लागणार नाही. डॉक्टरांनी मग बाईंना एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की दोन महिने म्हणजे फार होतात. बाईंनी ते कोणालाच सांगितलं नाही. त्या दिवसापासून मिस्त्री जिना चढायला लागले की त्या दार उघडून उभ्या राहत आणि प्रत्येक वळणावर त्यांचा श्वास ऐकत. वळणं तीन होती. तिसऱ्यावर श्वास ऐकू यायला हल्ली वेळ लागत होता.

यावेळी काहीही देवाच्या भरवशावर सोडायचं नाही, असं बाईंनी ठरवलं. आठवडाभर आधी त्यांनी पाठांचा तक्ता काढून बघितला. त्या दिवशी होती उपासनेच्या मंडपाच्या पडद्यांची मापं. लांबी इतके हात, रुंदी इतके हात, कड्या पन्नास. बाई स्वतः पडदे शिवून द्यायच्या. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. पडद्याच्या मापात कोणी मरत नाही.

राहिलं गीत. त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला.

"एकशे बेचाळीस घ्या," पाळकसाहेब म्हणाले. "सकाळचं आहे, धीराचं आहे."

बाईंनी आपल्या नव्या पुस्तकात बघितलं. ऊठ जिवा रे, झाली पहाट. वा! त्यांनी कागदावर मोठ्ठं १४२ लिहिलं आणि पेटीवर चिकटवलं.

हे त्यांनी करायला नको होतं. मंडळीत दोन वर्षांपूर्वी नवं गीतांचं पुस्तक आलं होतं, आणि त्यात सगळे आकडे इकडचे तिकडे झाले होते. देवळातल्या फळ्यावर म्हणूनच दोन रकाने असायचे, जुनं आणि नवं. घरात फळा नव्हता. घरात आक्का होत्या.

आक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. पेटी त्याच वाजवायच्या. नव्या पुस्तकाबद्दल त्यांचं मत असं होतं की चांगल्या गीतांची हाडं मोडून ती भलत्याच जागी जोडली आहेत. त्या जुन्याच पुस्तकातून गात, त्यांचा भाऊही. आणि त्यांचा एक नियम होता: सुरू झालेलं गीत मध्येच सोडायचं नाही. "वर ऐकत बसलेत," त्या म्हणायच्या, "त्यांना काय अर्धवट वाढून उठवणार?"

तारखेच्या सकाळी साडेसहाला चौघं बसले. आक्का पेटीशी, मिस्त्री भिंतीला टेकून, समोर बाई, आणि शेजारी लेक, जी औषधाच्या दुकानात कामाला होती आणि आज रजा टाकून आली होती. पिशवी दाराशी. गाडी सव्वासातला.

आक्कांनी कागद वाचला, पुस्तक उघडलं आणि थांबल्या. चष्मा पुसला. परत वाचलं.

"हे पाळकसाहेबांनी दिलंय?"

"हो, त्यांनीच," बाई उत्साहात म्हणाल्या. "मुद्दाम विचारून घेतलं."

आक्कांनी भावाकडे बघितलं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी त्याच्याकडे इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं. मिस्त्रींनीही आपलं पुस्तक उघडलं. त्यांचा चेहरा हळूहळू मातीच्या रंगाचा झाला. जुन्या पुस्तकात एकशे बेचाळीस 'मूठमातीच्या वेळी' या मथळ्याखाली येत होतं.

"डॉक्टरांनी पाळकसाहेबांना काहीतरी सांगितलेलं दिसतंय," ते शांतपणे म्हणाले. "वाजव, आक्का."

बाईंना काही कळायच्या आत पेटी सुरू झाली. ही चाल त्यांनी शेवटची ऐकली होती ती सासऱ्यांच्या कबरीवर.

*ठेवा अलगद, झाकुन माती,
विसाव्याची आली राती...*

मिस्त्री गात होते. खर्जातला जुना भारदस्त आवाज, स्वतःसाठी काढलेला.

 मध्ये थांबवायचं नाही. थांबवलं तर अपशकुनात आणखी भर. दुर्दैवानं, किंवा सुदैवानं, दोन्ही गीतांचा छंद एकच होता. बाईंनी पुस्तक वर धरलं आणि त्याच रडक्या चालीवर, शेजारचे जागे होतील इतक्या मोठ्यानं सुरू केलं:

*ऊठ जिवा रे, झाली पहाट...*

"आई, काय करतेस?" लेक कुजबुजली.

"गा! माझ्या पुस्तकातून गा!"

लेक गायला लागली. ती देवळात दुसरा सूर धरायची, इथेही तिनं सवयीनं दुसराच धरला. आता एका बाजूनं माणूस झाकला जात होता आणि दुसऱ्या बाजूनं त्याला उठवत होते. आक्कांनी भाता जोरात हलवला. बाईंनी आवाज चढवला. तिसऱ्या कडव्यात 'माती' आणि 'पहाट' एकाच सुरावर येऊन आपटली.

चौथ्याच्या सुरुवातीला मिस्त्रींचा आवाज तुटला. पुढची ओळ आलीच नाही. बाईंना ऐकू आला तो फक्त श्वास, जिन्याच्या तिसऱ्या वळणावरचा, आत न मावणारा. ओठ निळसर. ते तरी एका हातानं ताल धरून होते, नियम म्हणून.

बाई उठल्या. त्यांनी पेटीचा भाता दोन्ही हातांनी दाबून बंद केला. पेटी कण्हली आणि गप्प झाली.

"अगं!" आक्का किंचाळल्या. "गीत चाललंय!"

"चालू दे वरच्यांचं. इथलं थांबलं."

"एक कडवं राहिलंय!"

"ते माझ्या माघारी म्हणा, आक्का. मी असेपर्यंत या घरात ते होणार नाही." बाईंचे हात भात्यावरून निघत नव्हते. "नंबर नव्या पुस्तकातला होता. चूक माझी आहे. देवाची नाही, पाळकांची नाही. ऐकताय ना, अहो?"

मिस्त्री डोळे मिटून बसले होते. लेकीनं त्यांची नाडी धरली. खाली गाडीचा हॉर्न वाजला, आणि थोड्या वेळानं पुन्हा.

"म्हणजे," मिस्त्री शेवटी म्हणाले, "माझ्या वेळी हे असं गाणार?"

त्यांनी तिघींकडे आळीपाळीनं बघितलं.

"एक जण गाडतंय, दोघी उठवताहेत. पोरगी तर तिसऱ्याच पट्टीत."

"बाबा, मी दुसरा सूर—"

"सूर? कुत्री बरी." त्यांनी भिंतीला धरून स्वतःला उभं केलं. "चार माणसांसमोर माझी शोभा करणार तुम्ही. नाही, असल्या गाण्यावर मी जाणार नाही. आक्का, तू आधी नवं पुस्तक शीक. तुम्ही मायलेकी जुनं शिका. चांगली वर्षभर तालीम करा. मग बघू."

"पाठ राहिलाय," आक्का क्षीण आवाजात म्हणाल्या.

"पडद्यांचा ना? ही वाचेल गाडीत. तिला मापं कळतात."

त्यांनी पिशवी स्वतः उचलली. लेकीनं ती काढून घेतली. जिना उतरताना बाई एक पायरी पुढे राहिल्या, पडलेच तर आपल्यावर पडावेत म्हणून. गाडीत त्यांनी खरंच पाठ वाचला. कड्यांपर्यंत आल्यावर मिस्त्री म्हणाले, "पन्नास कमी पडतील," आणि बाईंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

आठला पाच कमी असताना ते इस्पितळाच्या खिडकीशी पोचले. नर्सनं कागद बघितले, सह्या घेतल्या, मनगटावर पट्टी बांधली आणि शेवटी विचारलं, "रात्रीपासून पोटात काही गेलं नाही ना?"

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. "खोटं कसं बोलू? आत्ताच प्रार्थना करून आलोय," ते म्हणाले. "सहाला चहा. आणि चार बिस्किटं."

त्या दिवशी ती झाली नाही, पण यावेळी त्यांना घरीही सोडलं नाही; शस्त्रक्रिया दोन दिवसांनी, गुरुवारी झाली.