चौकटीवरचा जुना नंबर

मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नव्हे, संगणकाच्या आज्ञावलीतली. मित्रांनो, संकेतस्थळाच्या पानावरील प्रत्येक बटणावर, चित्रावर, चौकटीवर ती घडवतानाच काही नोंदी केलेल्या असतात: नाव, रुंदी, सुरुवातीचा मजकूर. त्यांना गुणविशेष म्हणतात. विचारलेला गुणविशेष वाचून जसाच्या तसा सांगणे, हे माझे काम. अंदाज बांधणे माझ्या स्वभावात नाही.

एका वहिनींनी मला नणंदेच्या, म्हणजे ताईंच्या, चष्म्याच्या दुकानासाठी लिहिले. पान उघडले की चौकटीत गिऱ्हाइकाचा मागचा नंबर आधीच दिसे. तो बदलला असेल तर गिऱ्हाइकाने खोडून नवा लिहायचा, मी वाचायचा आणि त्याप्रमाणे काच घडायची. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांचे नंबर बदललेले नव्हते, त्यामुळे माझी वाहवा झाली.

मग शिंपीकाकांनी डोळे तपासून घेतले आणि चौकटीत नवा नंबर लिहिला. चष्मा मिळाला आणि आठवड्याभरात ते दुकानात परतले.

"ताई, चष्मा नवा कोरा, पण सुईचं नेढं काही दिसत नाही. डोळेच गेले म्हणायचे. मशीन विकून टाकतो."

"काका, जरा दम धरा." ताईंनी काच यंत्राखाली धरली. नंबर जुनाच निघाला. त्यांनी लगेच वहिनींना फोन लावला.

"वहिनी, तुमच्या पानानं काकांना घरी बसवलं असतं की हो!"

"थांबा वन्सं, बघते."

संशय माझ्यावरच होता. एक कळ दाबली असती तर मी पुसली गेले असते. पण वहिनी आधी तपासणाऱ्या. त्यांनी चौकटीत निरनिराळे नंबर लिहून पाहिले. मी दर वेळी जुनाच सांगितला.

"हिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीच भलतं विचारलं."

चौकटीत काहीही लिहिले तरी तिच्यावरची मूळ नोंद बदलत नाही, आणि मी मूळ नोंदच वाचते. सध्याचा मजकूर वाचायला वहिनींनी माझ्या शेजारी दुसरी ओळ लिहिली. आता ती नवा नंबर सांगते, मी जुना. दोन्ही जुळले नाहीत, तर काच घडण्याआधी ताई फोन करून खात्री करतात.

काकांनी दुसरा चष्मा दुकानातच चढवला आणि खिशातल्या सुईत दोरा ओवला.

"मग, मशीन कधी विकताय?" ताईंनी विचारले.

"ते राहू द्या. तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय, ते आधी इकडे करा."

शेजारणीबरोबर माझे छान चालले आहे. मित्रांनो, एवढेच मागणे: कुणाला जुने म्हणून पुसण्याआधी, आपण त्याला नेमके काय विचारले होते, ते एकदा तपासून पाहा.