बुंदीची गाठ

सोमवारी सकाळी मनकर्णाच्या बोटाला ती गाठ पुन्हा लागली. डाव्या जबड्याखाली, अगदी त्याच जागी, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. आधी तिला वाटलं, आपल्या मनाचेच खेळ. तिने हात पदराला पुसला, बुंदीला मांडीवर नीट घेतलं आणि परत चाचपून पाहिलं. गाठ होतीच. ही तिसरी खेप.

"अहो," तिने अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "परत आली."

रामकिशन दात घासत होता. कोण आली, हे त्याने विचारलं नाही. चूळ भरून तो आत आला आणि त्याने वाकून गाठ चाचपली.

बुंदी म्हणजे गिनीपिग. डोंगरकडा गावात असलं जनावर कुणी पाळलेलं नव्हतं. शेजारची सखुबाई तिला बिनशेपटीचा उंदीर म्हणायची. बुंदीच्या लाडवासारखा पिवळा-तांबूस रंग, वीतभर लांबी, आणि मेथीची जुडी सोडल्याचा आवाज आला की शिट्टी मारल्यासारखं ओरडणं. ती खरं तर मनकर्णाची नव्हतीच. लेकीची, सृष्टीची होती.

सृष्टी नांदेडला फार्मसी शिकत होती. दुसऱ्या वर्षी ती नापास झाली आणि त्यानंतर तिचं काहीतरी आतून बिनसलं. खोलीबाहेर पडेना, जेवेना, फोन उचलेना. तेव्हा एका मैत्रिणीने हे जनावर आणून तिच्या खोलीत ठेवलं. "हिला सकाळी चारा टाकावाच लागतो माय, म्हणून मी उठते," असं सृष्टी एकदा फोनवर म्हणाली होती. ते बोलणं मनकर्णाच्या काळजात रुतून बसलं ते बसलंच. पुढे पोरगी सावरली, पास झाली, जूनमध्ये पुण्याला एका औषध कंपनीत लागली. तिथल्या खोलीत जनावर चालत नव्हतं. दोन-तीन महिने सांभाळ म्हणून पिंजरा आईच्या हवाली करून ती गेली.

आणि दसऱ्याच्या आसपास ही गाठ उपटली.

पहिल्या वेळी दोघं बुंदीला टोपलीत घालून कळमनुरीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर सरळ माणूस. "मावशी, मी म्हशी-शेरडांचा डॉक्टर. हे जनावर मी पुस्तकात पाहिलेलं," असं त्यांनी आधीच सांगितलं. नांदेडला कुत्र्या-मांजरांच्या एक मॅडम होत्या, त्यांना फोनवर विचारून त्यांनी गाठ फोडली. आतून घट्ट दह्यासारखा पू निघाला. पाजायला थेंब दिले, जखम रोज मिठाच्या पाण्याने धुवायला सांगितली. रामकिशन बाहेर ओळखीच्या कंपाउंडरशी बोलत उभा होता, तेव्हा ते मनकर्णाला म्हणाले, "ह्या थेंबांशिवाय तोंडातून दुसरं कुठलंच औषध देऊ नका. ह्या जातीला भलतं औषध सोसत नाही."

मनकर्णाने मान डोलावली. घरी येऊन हे नवऱ्याला सांगावं, असं तिला सुचलंही नाही. रामकिशनने जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं शिपायाची नोकरी केलेली. अडलेली गाय सोडवायची, सडलेला खूर कापायचा, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. गावात अजून लोक त्याला डॉक्टरच म्हणत. त्याला औषधाचं काय सांगायचं?

जखम भरली आणि पंधरा दिवसांत गाठ पुन्हा आली. पुन्हा कळमनुरी, पुन्हा तेच. मनकर्णाचा दिवस आता बुंदीभोवतीच फिरू लागला. सकाळी पातेल्यात बसवून तिला स्वयंपाकाच्या काट्यावर तोलायचं. मग बिनसुईच्या पिचकारीने जखम धुवायची, थेंब पाजायचे, पेरूच्या फोडी, कोथिंबीर, कोवळं गवत पुढ्यात ठेवायचं आणि खाते की नाही ते बघत बसायचं. शेतात हळदीला पाणी द्यायला गेली तरी तिचा जीव घरी.

"ह्या उंदराला काहून इतकं जपून राहिली बाई?" सखुबाई विचारायची.

"लेकीची ठेव हाय," एवढंच ती सांगे.

रविवारी सृष्टीचा व्हिडिओ कॉल यायचा. मनकर्णा बुंदीची उजवी बाजू फोनसमोर धरायची. "कशी हाय?" "मस्त हाय. खाऊन राहिली." फोन ठेवला की ती बुंदीला वळवून डावी बाजू परत चाचपायची. पोरीची नवी नोकरी, नवं गाव, एकटी खोली. बुंदीला काही झालं तर पोरगी परत त्या अंधारात गेली तर? हा विचार ती पुरता करतच नसे. अर्ध्यावर तोडून उठायची आणि उगाच भांडी लावत बसायची.

म्हणून तिसऱ्यांदा गाठ लागली त्या सोमवारी तिने लगेच कळमनुरीला फोन लावला. डॉक्टर रजेवर होते, शुक्रवारी येणार होते.

"धीर धर," रामकिशन म्हणाला. "मी हाय ना."

गुरुवारी दुपारी ती शेतातून आली. दार उघडलं तरी शिट्टी नाही. मेथीची जुडी मुद्दाम आपटून सोडली, तरीही नाही. बुंदी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसली होती. केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले, मागची बाजू ओली. खालच्या कागदावर पातळ, घाण वासाची हगवण. सकाळची मेथी जशीच्या तशी पडलेली. मनकर्णाने तिला काट्यावर ठेवलं. सोमवारी आठशे साठ ग्रॅम होती. आज सातशे चाळीस.

कापसासाठी तिने फळीवर हात घातला, तर डब्यामागे औषधाची छोटी बाटली सापडली. गुलाबी सिरप. लेकरांना ताप-खोकल्यात देतात तसलं.

"हे काय हाय?"

रामकिशन दारातच थबकला. "गाठीसाठी. मेडिकलमधून आणलं. थेंब-थेंबच दिलं, तीन दिवस."

"मला न सांगता?"

"तू घाबरून राहिली होती. म्हणलं, शुक्रवारपर्यंत गाठ बसवून दाखवू." त्याचा आवाज बारीक झाला. "लेकरांना चालतं, शेरडाला चालतं. हिला काहून न्हाई चालणार?"

"डॉक्टर म्हणले होते, दुसरं काही पाजू नका म्हणून!"

"मला कुठं सांगितलं तू?"

मनकर्णाने बाटली खाली ठेवली. तिने डॉक्टरांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. नांदेडच्या मॅडमचा नंबर दोघांकडेही नव्हता. आता एकच माणूस उरलं होतं.

"नको," रामकिशन म्हणाला. "तिला नको सांगू. पोरगी परत..."

मनकर्णाने बुंदीकडे पाहिलं. बरगड्या भराभर हलत होत्या. तिने नंबर दाबला.

सृष्टी कामावर होती. मागे यंत्रांची घरघर. मनकर्णाने तीन गाठी, हगवण, बाटली, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"बाटलीवरचं नाव वाच माय. एकेक अक्षर."

मनकर्णाने चष्मा लावून वाचलं. पलीकडे काहीच नाही. घरघर तेवढी चालू होती. बोलले हीच चूक झाली, असं तिला वाटलं.

मग आवाज आला, कोरडा आणि स्पष्ट. "ऐक. हे पेनिसिलिनच्या जातीचं औषध आहे. हे पोटात गेलं की गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात. आता एक थेंबसुद्धा द्यायचा नाही. ती उपाशी राहता कामा नये. कोथिंबीर आणि गवत पाणी घालून मिक्सरमधून काढ, एकदम पातळ, आणि पिचकारीने गालाच्या बाजूने थोडं थोडं दे. घाई करशील तर ठसका लागेल. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेव. आणि लगेच नांदेडला निघा. मॅडमचा नंबर मी शोधून त्यांना सांगून ठेवते. तू रडून राहिली का?"

"न्हाई."

"मग लिहून घे."

अर्ध्या तासात दोघं नांदेडच्या एसटीत होते. खोक्यात बुंदी, तिच्या कुशीला गरम बाटली. मनकर्णा दर थोड्या वेळाने हिरवा रस तिच्या गालात सोडत होती. पहिल्यांदा सगळा बाहेर ओघळला. अर्धापूर गेल्यावर घशाशी किंचित हालचाल दिसली, एक घोट गेला. रामकिशन खोकं दोन्ही हातांनी धरून खिडकीबाहेर बघत होता.

"तीस वर्षं," तो मध्येच म्हणाला. "तीस वर्षं जनावरातच गेली माझी."

मनकर्णाला राग होता, पुष्कळ होता. पण त्याची खाली गेलेली मान बघून तिने तो गिळला. "मीच सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "बाटली थंड झाली का बघा."

मॅडमनी बुंदीला ठेवून घेतलं. कातडीखाली सलाईन दिलं, औषधं बदलली. "दोन दिवस काही सांगता येणार नाही," एवढंच बोलल्या. सृष्टीच्या जुन्या मैत्रिणीने, नीलमने, दोघांना आपल्या घरी उतरवून घेतलं. शुक्रवारी बुंदी सातशे दहावर आली. हगवण थांबली नाही. मनकर्णा दवाखान्याच्या बाकावर बसून पिचकारी धरायची आणि दर खेपेला मनात म्हणायची, गिळ बाई, एवढं गिळ.

शनिवारी सकाळी सृष्टी आली. पाठीवर बॅग, डोळे तारवटलेले. मनकर्णाने आधी तिचा चेहरा न्याहाळला. त्या वर्षीचं काही त्यात दिसतंय का, ते शोधत राहिली. सृष्टीने पिंजऱ्यात बघितलं, बुंदीच्या कपाळावर बोट फिरवलं आणि मग आईकडे वळली.

"दीड महिना माझ्यापासून लपवलंस?"

"तुझी नोकरी नवी, म्हणलं..."

"मी काय काचेची हाय का माय?"

"त्या वर्षीची भीती अजून जात न्हाई पोरी."

"माझी तरी कुठं गेली?" सृष्टीने पाठीवरची बॅग खाली ठेवली. "पण म्हणून मला वगळून ठरवायचं? हे औषध मी रोज हाताळते. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर बाबांवर ही वेळ आली नसती."

रामकिशन बाकाच्या टोकाला बसला होता. सृष्टी जाऊन त्याच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने त्याने खिशातून ती गुलाबी बाटली काढून तिच्या हातात दिली. का आणली होती, देव जाणे. सृष्टीने ती बॅगेत टाकली.

सोमवारी कागदावर तीन कोरड्या लेंड्या दिसल्या. मनकर्णाने मॅडमना जवळजवळ ओढतच आणून त्या दाखवल्या. मॅडम हसल्या. मनकर्णाने त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

पण गाठ होतीच. मॅडमनी समजावलं: पू काढला तरी आतली पिशवी राहते, म्हणून ती परत परत भरते. पिशवी अख्खी काढावी लागेल. एवढ्या लहान जिवाला भूल देणं जोखमीचं, आणि आधी अंगात ताकद यायला हवी. घरी नेऊन तीन आठवड्यांत मनकर्णाने बुंदीला पुन्हा आठशेवर आणलं, रोज सकाळी वजन सृष्टीला फोनवर सांगत. चांगलं असो की वाईट.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सृष्टी पुन्हा आली. तिघं बाकावर ओळीने बसले. मॅडम पाऊण तास म्हणाल्या होत्या, सव्वा तास झाला. रामकिशन चारदा उठून दारापर्यंत गेला आणि चारदा परत आला. मनकर्णाने सृष्टीचा हात धरला होता. कोणाचा हात कोणाला सावरत होता, ते कळत नव्हतं.

दार उघडलं. मॅडमनी मास्क खाली केला. "पिशवी अख्खी निघाली. शुद्धीवर येऊन राहिलीय. पण पुन्हा होणारच नाही, असं मी सांगणार नाही. लक्ष ठेवावं लागेल."

"ठेवू," तिघंही एकदम म्हणाले.

दोन दिवसांनी ते डोंगरकड्याला निघाले. सृष्टी पुण्याची गाडी धरायला थांबली. जाताना टाके कधी बघायचे, कधी धुवायचं, सगळं तिने बापाला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. एसटी भरलेली होती. मनकर्णाने मांडीवरच्या खोक्यात कोथिंबिरीची एक काडी सोडली. बराच वेळ काही नाही. तिचं लक्ष ना खिडकीत, ना रस्त्यावर. मग खोक्यातून कुरकुर आवाज आला, थांबला, पुन्हा आला, आणि एवढा मोठा झाला की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.

"काय हाय हो त्यात?" तिने विचारलं.

मनकर्णाने दुसरी काडी आत सोडली. "जेवून राहिली," ती म्हणाली.