कबुतरांच्या कप्प्यातला शिंपी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. आज देवाचा नाही, एका बापाचा धावा ऐकवायचा आहे. देवाला तोही चालतो.

"कप्पेताई, हे काय करून ठेवलंत?" साहेबांनी संगणकाच्या पडद्यावर बोट आपटलं. "कबुतरांमध्ये हा म्हातारा कसा शिरला?"

कचेरीत सगळे तिला कप्पेताईच म्हणायचे. इंटरनेट तेव्हा नवंनवं होतं आणि त्यावरचं शोधून देण्याचं काम माणसं करत. कोणी नवं पान तयार केलं की या कचेरीला कळवायचं. मग दालनात ओळीने बसलेली माणसं ते स्वतः वाचून योग्य कप्प्यात ठेवायची: आरोग्य, प्रवास, पशुपक्षी. लोक कप्प्यात कप्पा उघडत हव्या त्या पानापर्यंत पोचायचे. ताईचा हात यात इतका बसला होता की नवरा विचारायचा, "मला कुठल्या कप्प्यात टाकलंयस?"

"अडगळीच्या," ताई म्हणायची.

हे पान एका शिंप्याचं होतं. मुलगा भांडून घरातून निघून गेलेला. पानावर दुकानाचा फोटो आणि खाली एवढंच: 'बाळा, चूक माझी होती. घरी ये.' नियमाने ते 'वैयक्तिक' कप्प्यात जायचं. पण तिथे फिरकतं कोण? म्हणून ताईने पानावरच्या नंबरावर फोन लावला होता.

"काका, तुमचा मुलगा इंटरनेटवर आलाच, तर काय शोधेल हो?"

"मला तर नक्कीच नाही. कबुतरं शोधेल. सगळी गच्ची घाण करून ठेवायचा. त्यावरूनच तर वाजलं आमचं."

म्हणून कबुतरं. पण कबुतरवाल्यांनी तक्रारी केल्या, की इथे औषधालाही कबूतर नाही.

"नियम म्हणजे नियम," साहेब म्हणाले. "आज बाप घुसला, उद्या मामा घुसेल. एखादं कबूतर तरी असतं तर गोष्ट वेगळी."

ताईने तसं कळवलं. दुसऱ्याच दिवशी पानावर एक राखाडी कबूतर येऊन बसलं. साहेबांनी पाहिलं, नाकातल्या नाकात हसले. "म्हातारा पोचलेला दिसतोय. राहू द्या."

पुढे यंत्र आलं. ते सगळी पानं स्वतःच चाळायचं आणि ज्या पानाकडे खूप जण बोट दाखवतील, ते वर ठेवायचं. शिंप्याकडे बोट कोण दाखवणार? लोक यंत्राकडे वळले, दालनातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि एक दिवस कप्पेच बंद झाले. ताई एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर लागली.

एका सुट्टीला तिने घरी यंत्रापुढे 'कबुतरं' लिहिलं. पिंजरे, खाद्य, औषधं, शर्यती. खाली, अजून खाली. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा पार तळाशी शिंपी सापडला. इतकं खाली कोण उतरणार? तिने पान उघडून डोळे भरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ते प्रार्थनेसारखं रोजचंच झालं.

शेवटी तिला राहवेना. आता त्या पानापर्यंत कोणी पोचत नाही, हे खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तिने शिंप्याला फोन केला.

"ताई! बरं झालं, तुम्हीच केलात," शिंपी बोलतच सुटला. "पानाखाली आकडा बसवून घेतलाय. कोणी पान उघडलं की एकाने वाढतो. मध्ये मेला हलायचंच नाव घेत नव्हता. आता रोज सकाळी वाढतो, रोज! माझं उघडणं मी धरत नाही हं. बोलत काही नाही तो. हट्टी आहे, माझ्यावरच गेलाय. पण येतो."

"हो काका," ती कशीबशी म्हणाली.

"तुम्ही मला अगदी बरोब्बर जागी बसवलंत, बाई."

दुसऱ्या सकाळी ती संगणकापुढे नुसतीच बसून राहिली. चहा निवला. पान उघडावं तर फसवणूक. न उघडावं तर मुलगा पुन्हा घर सोडून जातो.

तिने उघडलं.

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या शिंप्याला आठवा. आणि त्या पोरालाही आठवा. तो कुठे असेल तिथे असो. त्याच्या नावाने कोणीतरी रोज घरी जाऊन येतं, हे त्याला अजून ठाऊक नाही.