सुमंगलाची केळवणं

म्हापशाच्या दातांच्या डॉक्टरनं सुमंगलाच्या तोंडात आरसा घालून पाहिलं आणि मला बाजूला बोलावलं. "तुमची नणंद वरचेवर ओकते का? दात आतल्या बाजूनं झिजलेत. पोटातलं आंबट लागल्याशिवाय असं होत नाही. लक्ष ठेवा."

मी हसले. म्हटलं, "डॉक्टर, आम्ही पेडण्याची माणसं. कैऱ्या, बिमल्या, आंबाडे, सोलं. आमच्या दातांना दुसरं लागणार काय?"

तोही हसला, पण दार उघडताना पुन्हा म्हणाला, "लक्ष ठेवा."

आता लक्ष ठेवायचं म्हटलं तर त्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पण माझं सगळं लक्ष लेकीवर, दीड वर्षाच्या ऋतिकावर. ती जेवायचीच नाही. पेजेची वाटी आणि कुलेर, म्हणजे चमचा, घेऊन मी तिच्यामागून तुळशीला, विहिरीला आणि पाववाल्या पोदेराच्या सायकलीला प्रदक्षिणा घालायची. घास तोंडात गेला तरी तो गिळेपर्यंत माझाच घसा हलायचा. इकडे सासूबाईंनी दातांचं ऐकून घरातलं आंबट बंद केलं. बांगड्याच्या आमटीत सोलं नाहीत म्हणजे काय, हे पेडण्याच्या माणसालाच कळेल. माझा नवरा शिवदास पानावर बसून म्हणाला, "आई, ही आमटी की औषध? झिजू दे माझेही दात."

सुमंगलाचं लग्न जूनच्या सुरुवातीला ठरलं होतं. मुलगा डिचोलीचा, मंगेश, बँकेत. आणि लग्न ठरलं म्हणजे केळवणं आली. नवरीला एकेका नातेवाइकानं घरी बोलावून पोटभर, किंबहुना पोटाबाहेर, जेवू घालायचं. नको म्हणायची सोय नाही. नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. सुमंगला तर कधीच नको म्हणायची नाही. वडे, भाज्यांचं खतखतं, गोड मणगणं, जे वाढाल ते. आणि अंगानं शेवग्याची शेंग. "खाता बघ कशी, आणि लागत नाय अंगाक. भाग्य लागता," असं बायका म्हणायच्या आणि आणखी एक वडा टाकायच्या.

त्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशी साली, आमच्याकडे जेवणाच्या पानावरही दोन पक्ष असत. फेब्रुवारीत कोंकणी राजभाषा झाली होती आणि आता गोवा राज्य होणार होतं. कृष्णनाथकाका मराठीवाले, सभांमध्ये बोलून बोलून घसा बसलेला. गोकुळदासमामा कोंकणीवाले. दोघांची घरं समोरासमोर आणि बोलणं बंद. म्हणजे थेट बोलणं बंद. काका भिंतीकडे बघून बोलायचे, मामा भिंतीकडे बघून उत्तर द्यायचे. सुमंगलाला खाऊ घालण्यात मात्र दोघांचं एकमत.

काकांकडच्या केळवणात चमत्कार झाला. ऋतिकानं वडा खाल्ला. अख्खा. वर मणगण्याची वाटी चाटली. मला तर नाचावंसं वाटलं. मग बाईसाहेब उठल्या, मागीलदारी गेल्या, बालदीशी वाकल्या, घशातून एक मोठ्ठा आवाज काढला, तोंडावर पाणी मारलं, केस नीट केले आणि हसत हसत पानावर परत येऊन बसल्या.

सगळे हसून लोळायचे बाकी राहिले. "कोणाची नक्कल गो ही?" काकी डोळे पुसत म्हणाली.

मीही हसत होते. मग मला दिसलं की सुमंगला हसत नाहीये. तिच्या कपाळावरचे केस ओले होते. नीट केलेले.

ऋतिका दिवसभर आत्याच्या मागे असते. जे बघते तेच करते.

घरी येईपर्यंत सासूबाईंनाही काहीतरी उमगलं होतं, पण भलतंच. मला न्हाणीत ओढून, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाल्या, "सुमाक तसला काय नाय मगो? लग्नाआधी?"

"आई, ती परवाच बाजूला बसली होती. तुम्हीच तिला पान नेऊन दिलंत."

"देवा रवळनाथा," म्हणून त्या पायरीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की मला त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी काजूच्या बिया उन्हात पसरत होतो तेव्हा मी सुमंगलाला सरळ विचारलं. ती किती तरी वेळ बिया सारख्या करत राहिली.

"पणजीला हॉस्टेलवर सुरू झालं, वैनी. कोणीतरी म्हणालं, जाड झालीस. मग दिवसभर काय नाय खायचं. मग एकदम सुटायचं. खाताना थांबताच येत नाय. मग भीती वाटते. मग मागीलदार."

"मग कमी खा ना," मी म्हटलं. शिकलेली बाई, आणि हे बोलले.

"थांबता आलं असतं तर सांगायला लागलं असतं तुला?" ती म्हणाली. मग अगदी हळू, "लग्नासाठी वळलेले बेसनाचे लाडू आठवतात? डब्यातले?"

डबा अर्धा झाला म्हणून सासूबाईंनी तीन ठिकाणी उंदरांचे सापळे लावले होते. एका सापळ्यात शिवदासचा अंगठा सापडला होता.

"तो उंदीर तू?"

"तो उंदीर मी."

मी हसले. तीही हसली. काजूच्या बियांवर पडून आम्ही दोघी हसलो, आणि मध्येच कधीतरी ती रडायला लागली होती. मी तिचा हात सोडला नाही.

आम्ही पणजीला डॉक्टरकडे गेलो, दातांच्या नव्हे. बाई शांत होत्या. म्हणाल्या, हा आजार आहे, हट्ट नव्हे, हावरटपणाही नव्हे. याला बुलिमिया म्हणतात. बाहेरून अंगकाठी बघून कळत नाही. रक्तातले क्षार कमी झालेत, ते हृदयाला भोवू शकतं. वेळच्या वेळी थोडं थोडं खायचं, उपास तर मुळीच नाही, कारण उपासाच्या मागूनच तो झटका येतो. जेवल्यावर कुणीतरी शेजारी गप्पा मारत बसायचं. तिच्या पानाबद्दल आणि अंगाबद्दल वाईट बोलायचं नाही, चांगलंही नाही. दर आठवड्याला इथे यायचं. "आणि ती केळवणं बंद."

केळवणं बंद. हे पेडण्यात सांगायचं कुणी? सुमंगलानं मला शपथ घातली, लग्न मोडेल, कुणाला सांगू नको. म्हणून मी घरोघर एवढाच निरोप धाडला की सुमंगला आता कुणाकडे जेवणार नाही.

कारण काय, ते लोकांनीच शोधलं. संध्याकाळी कृष्णनाथकाका हार घेऊन दारात. "शाबास गो पोरी. मराठीसाठी अन्न सोडलंस." त्यांच्या मागोमाग गोकुळदासमामा नारळ घेऊन. "कोंकणीखातीर तिणें जेवण सोडलां, हांव जाणां." दोघं पायरीवर एकमेकांना अडवून उभे. काकांबरोबर सभेतली चार माणसं, मामांबरोबर पाच. सासूबाई चहाला आधण किती ठेवायचं ते मोजतायत. शिवदास खांबाआड तोंडात रुमाल कोंबून हसतोय. मलाही हसू आवरेना.

"बघा तेज कसला इला तोंडार," काका म्हणाले. "उपासाचा तेज."

आणि सुमंगलाची मान वर झाली. हार गळ्यात, गाल आत गेलेले, आणि डोळ्यांत एक अशी चमक की माझं हसू जागीच गेलं. सकाळपासून तिनं खरंच काही खाल्लं नव्हतं. भाताची मूद तशीच फडताळात होती, आणि मला वाटलं होतं ती जेवली. आजाराला याहून गोड काय हवं? गावानं हार घालून उपाशी राहायला सांगितलं होतं.

मी जाऊन तिच्याशेजारी उभी राहिले. शपथ माझ्या जिभेवर बसली होती. एवढंच म्हटलं, "सुमा, तू सांगतेस की मी इथेच उभी राहू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हार काढून खुर्चीवर ठेवला.

"काका, मामा, मी उपास करत नाय. माका आजार असा. जेवणाचो. औषध चालू असा."

काकांनी भिंत शोधली. भिंत लांब होती. शेवटी ते थेट मामांकडे वळून म्हणाले, "डॉक्टर चांगलो असा मां?" आणि मामा म्हणाले, "विचारूया." दोन वर्षांतलं त्यांचं पहिलं बोलणं ते.

सुमंगलानं त्या संध्याकाळी भात आणि आमटी खाल्ली. थोडीच. मग मी आणि ती ओट्यावर बसलो. उठून जावंसं वाटतंय, असं ती दोनदा म्हणाली. मी तिला शिवदासच्या अंगठ्याची गोष्ट पुन्हा सांगितली.

मंगेशला तिनं स्वतः सांगितलं. तो मोटारसायकलवरून आला, गोंधळून मला विचारू लागला, "वैनी, जेवलीस का असं विचारायचं नाही, मग विचारू काय?" मी म्हटलं, बाकी जगात पुष्कळ आहे. तेव्हापासून तो तिला मोटारसायकलच्या कार्बोरेटरबद्दल सांगतो. ती ऐकते, हे प्रेमच म्हणायचं. लग्न झालं, पंगतीत तिला कुणी आग्रह केला नाही. ती बरी झाली असं मी लिहिणार नाही. मधले काही दिवस फार वाईट जातात, मग तिची चिठ्ठी येते, किंवा ती स्वतःच डिचोलीहून बस धरून येते आणि ओट्यावर बसते.

तुमच्याही ओळखीत अशी कुणी असेल. पोटभर जेवते, सगळ्यांना हसवते, आणि जेवण झाल्या झाल्या कुठेतरी नाहीशी होते. किंवा जेवून आले म्हणते, नेहमीच. मुलगाही असू शकेल. ताटात काय उरलं ते बघू नका, बारीक झालीस म्हणू नका. आज तिच्याकडे जाऊन या. शेजारी बसा, आणि कशी आहेस, एवढं विचारून उत्तर येईपर्यंत थांबा.