डावखुऱ्या बाईचे सांधे

डावा हात आठ दिवस दुखत होता. त्या हातानं मी एरवी दाराची कडीसुद्धा लावत नाही.

*

मेण बोटांच्या उबेनं सुटत नाही. केस वाळवायच्या ड्रायरनं सुटतं. ड्रायर बायकोचा होता. तिनं नंतर नवा घेतला.

*

दंतवैद्याच्या खुर्चीखाली एक पायपट्टी असते. दाबली की माणूस वर जातो, भीतीसकट.

*

बेकरीवाल्याकडे अकरा गिटारी आहेत आणि त्याला तीन कॉर्ड येतात. तो म्हणतो, माझी बोटं गोळे करायला केलेली आहेत, पण डोळे गिटारीचेच.

*

पुठ्ठ्याच्या सात नळ्या. एकेक करंगळीएवढी.

*

एका बाईचं नाव. ते मी इथे लिहिणार नाही. पुरेशा लोकांनी पुरेशा वेळा घेऊन झालंय.

*

आता नीट सांगतो.

मी जुने ॲम्प दुरुस्त करतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ज्या पेटीतून बाहेर पडतो तो ॲम्प. वर कातडी मूठ, पुढे जाळीचं कापड, आत काचेच्या ट्यूबा आणि पत्र्याचा एक ट्रे. खरा ॲम्प त्या ट्रेमध्ये असतो, बाकीचं लाकूडकाम. माझ्याकडे येणारे ॲम्प बहुतेक माझ्यापेक्षा वयानं मोठे असतात. त्यांचे मालक मला मिस्त्री म्हणतात, आणि ते प्रेमानं म्हणतात, हेही खरं.

दर रविवारी सकाळी आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात जमतो. डॉक्टर म्हणजे दंतवैद्य. रविवारी रोगी नसतात, म्हणून बाहेरच्या खुर्च्यांवर गिटारी बसतात, एकेका खुर्चीवर एकेक, दाढ दुखत असल्यासारख्या तिरक्या. बेकरीवाला येतो. भूगोल शिकवणाऱ्या मॅडम येतात. त्यांच्याकडे दोनच गिटारी, पण दोन्हींचा एकही स्क्रू बदललेला नाही, आणि ते त्या आपल्याला विसरू देत नाहीत. मग तासभर असं चालतं:

"हा रंग मूळचा नाही."

"मूळचाच आहे. उन्हानं पिवळा पडलाय."

"ऊन काय फक्त डाव्या बाजूला पडलं?"

"खिडकी डावीकडे होती, मॅडम."

"तुझ्या बेकरीत खिडकीच नाही."

मला यातलं काही लागत नाही. माझ्याकडे एकही जुनी गिटार नाही, त्यामुळे कुणी माझा स्क्रू तपासत नाही. मी तिथे का जातो? ऐकायला. माझ्या हातून गेलेले ॲम्प वाजतात, आणि लोक डोळे मिटतात. मिटलेल्या डोळ्यांसमोर मी नसतो, एवढंच.

डॉक्टरांचा ॲम्प सगळ्यांत नावाजलेला. न उघडलेला, न छेडलेला, कारखान्यातून निघाला तसा. त्याच्या ट्रेच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टीचा तुकडा आहे आणि त्यावर पेन्सिलीनं त्या बाईचं नाव. कारखान्यात वायरिंग करणाऱ्या बाया आपापल्या नावाची पट्टी लावायच्या. चूक निघाली तर कुणाला बोलावून झापायचं ते कळावं म्हणून. बोलणी खाण्यासाठी लिहिलेलं नाव ते, आणि आमच्याकडे त्याच्यापुढे चार माणसं श्वास रोखून वाकतात.

"काय हात होता बाईचा!" बेकरीवाला दर वेळी म्हणतो.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं म्हणतात. माझं उलटं. हाती कथील आहे, खरंखुरं, दिवसभर वितळलेलं. नाव तेवढं नाही.

*

तीन वर्षांपूर्वी त्या ॲम्पमधून धूर निघाला. डॉक्टर तो चादरीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले, संध्याकाळी, मागच्या दारानं.

"आत काय वाटेल ते कर," ते म्हणाले. "बाहेरून कळता कामा नये."

"बाहेरून म्हणजे?"

"आतून बघितलं तरी."

त्या पुठ्ठ्याच्या नळ्या म्हणजे कपॅसिटर. आत मेणकागद आणि पातळ पत्रा एकमेकांत गुंडाळलेला असतो. वयानं कागद ओल धरतो आणि वीज गळायला लागते. सातांपैकी पाच गळत होत्या. मी त्या पाच सोडवल्या, ड्रायरनं ऊब दिली, आतली गुंडाळी ढकलून बाहेर काढली, रिकाम्या पुठ्ठ्यात नवा छोटा कपॅसिटर बसवला आणि जुनंच मेण परत ओतून तोंडं बंद केली. दिसायला तीच नळी. तोच छाप, तोच कोपऱ्यातला चहासारखा डाग.

मग त्या परत जोडायच्या. इथे अडलो. बाई वायरीला पीळ उलटा द्यायची. डावीकडून. तिचा सांधा, म्हणजे जोडावर वितळवून बसवलेलं कथील, पुढून आखूड आणि मागून पसरट, कुणी गादीवर बोट टेकवावं तसा. माझ्या उजव्या हाताला ते जमेना. म्हणून डाव्या हातानं शिकलो. आठ दिवस भंगार वायरींवर, नवव्या दिवशी ॲम्पवर.

बायको बघत होती. "दुसऱ्या बाईसाठी डाव्या हातानं जगायला लागलास," ती म्हणाली. "माझ्यासाठी उजव्यानं नळ तरी बसव."

तेव्हा हसलो. जळायला अजून सुरुवात झाली नव्हती.

सुरुवात नक्की केव्हा झाली? ॲम्प परत गेल्यावरच्या पहिल्या रविवारी नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मॅडम म्हणाल्या, "आवाज उघडलाय, नाही का? आता बाई खरी ऐकू येते."

बाई.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. जळणं तिथे सुरू झालं, आणि नंतर दर रविवारी वाढत गेलं. डॉक्टरांचा हेवा मला कधी वाटला नाही, शपथेवर सांगतो. ॲम्प त्यांचा, पैसा त्यांचा, नशीब त्यांचं. मी जळत होतो एका पट्टीवर. दोन बोटं रुंद कागदावर. आयत्या बिळात नागोबा ऐकला होता, ही नागीण तर बिळाबाहेर पाऊलही न टाकता माझ्या मेहनतीवर वेटोळं घालून बसली होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं. हे सगळ्यात वाईट. ज्याच्यावर जळायचं त्याला निदान कळायला तरी हवं.

*

मग पुस्तकवाले आले, एकटेच.

न छेडलेल्या जुन्या ॲम्पांवर ते एक जाड, रंगीत पुस्तक करत होते. प्रत्येक ॲम्पचं छायाचित्र, आणि खाली तो कुणाच्या हातून घडला त्याचं नाव. कारखान्यातल्या त्या विसरलेल्या हातांना नाव मिळावं, हा त्यांचा ध्यास. चांगला माणूस. मला ते पाहताक्षणी आवडले आणि दहा मिनिटांत नकोसे झाले.

ॲम्पचा ट्रे दाताच्या खुर्चीवर ठेवला होता. डॉक्टरांनी पायपट्टी दाबून तो वर घेतला, वरचा मोठा दिवा खाली ओढला. पुस्तकवाल्यांनी डॉक्टरांचा छोटा गोल आरसा घेतला, दांडीवाला, आणि आत घालून सांध्यांच्या मागच्या बाजू पाहू लागले.

"आ करा," बेकरीवाला ट्रेला म्हणाला. कुणी हसलं नाही.

"ही तिसरी नळी बघा," पुस्तकवाले म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "हा सांधा. पीळ बघा. ही बाई डावखुरी होती."

"अगं बाई," मॅडम म्हणाल्या.

"मी चारशेच्या वर ॲम्प उघडलेत. असा सांधा नाही पाहिला. मुखपृष्ठावर हाच घेणार. नुसता हा सांधा, आणि बाईचं नाव."

तिसरी नळी. मला ती आठवत होती. नवव्या दिवशीची दुपार, डावा हात एकदाचा वळला तो क्षण, आणि कथील जागेवर बसलं तसं पुन्हा कधीच बसलं नाही. तिसरी नळी माझी होती.

मी डॉक्टरांना दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं, जिथे दातांचे साचे फळीवर मांडलेले असतात.

"सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"पाच नळ्या माझ्या आहेत ते. तिसरी माझी आहे ते."

"मग माझा ॲम्प पुस्तकात राहील का?"

"माझं काय?"

डॉक्टरांनी एक साचा सरळ केला. "चाळीस वर्षं दात भरतोय मी. आजवर कुठल्या हसणाऱ्या माणसानं माझं नाव घेतलंय? दिसलं नाही म्हणजे काम जमलं. तुला हे मी शिकवायचं?"

"तुमच्या दातांवर दुसऱ्याचं नाव लिहून मिरवत नाही कुणी."

ते दुसरा साचा सरळ करू लागले. मी बाहेर आलो.

असं झालं आणि मी शांतपणे बोललो, असं लिहायला मला आवडलं असतं. शांतपणे नाही. ओरडलो. दवाखान्यात ओरडणं नवं नाही, पण ते सहसा खुर्चीतून येतं.

"तो सांधा माझा आहे! मी केलाय. डाव्या हातानं. आत नवा माल आहे, नळी फक्त जुनी आहे."

पुस्तकवाल्यांनी आरसा बाहेर काढला. "तुम्ही?"

"मी."

ते दयेनं हसले, आणि तिथेच माझं डोकं गेलं. "मिस्त्री, तुमचं काम मी पाहिलंय. यांच्या बेकरीतल्या ॲम्पमध्ये. स्वच्छ आहे, प्रामाणिक आहे. पण हे..." त्यांनी मान हलवली. "याला वेगळा हात लागतो."

"डॉक्टर, तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर हात धूत होते. हात स्वच्छ होते. ते धूतच राहिले.

"अरे, जळतोस काय मेलेल्या माणसावर?" बेकरीवाला माझ्या कानाशी आला. "चल, बाहेर चल. पाव खाऊ."

मी खिशातून कटर काढला. वायर अडकवून ट्रेमध्ये साठलेली वीज आधी काढून टाकली. इतक्या रागातही हात ते विसरला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. कुणी पुढे येण्याच्या आत तिसरी नळी मधोमध कापली.

आत नवा कपॅसिटर नव्हता.

आत तपकिरी मेणकागद होता, आणि त्याच्या घड्यांतून पातळ पत्रा चमकत होता. कापल्यामुळे तो हळूहळू उलगडला, दिव्याच्या उबेनं असेल. खोलीत जुन्या मेणाचा वास पसरला.

"अहो, हे काय केलंत!" पुस्तकवाले म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पोटात दुखत होतं तर सांगायचं होतं, मिस्त्री," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरांनी गोळी दिली असती."

डॉक्टर नळ बंद करून जवळ आले. त्यांनी उघडलेली नळी पाहिली आणि मग मला. त्यांना माहीत होतं की उरलेल्या सहांपैकी पाच माझ्या आहेत. मलाही माहीत होतं. कुठलीही कापली असती तरी बहुतेक माझीच निघाली असती, आणि मी खोटारडा ठरलो नसतो. कटर हातातच होता. डॉक्टरांनी तो घेतलाही नाही. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच असं काहीतरी होतं, की आता काप, हवं तर, मी अडवणार नाही.

मी नाही कापली. खरेपणा सिद्ध करून काय सिद्ध झालं असतं? पाच नळ्या माझ्या आहेत, एवढंच. सातांतली सगळ्यात सुरेख तिची होती. तीन वर्षं मी ती माझी समजून ऊर फुगवत होतो. नवव्या दिवशीची ती दुपार खरी होती, हात वळला तो क्षणही खरा. पण तो कुठल्या नळीवर वळला ते मला ठाऊक नाही, आणि ज्या सांध्यासाठी मी जळून खाक झालो तो मी फक्त जवळून पाहिला होता, नक्कल करायला समोर ठेवला होता. तीच मूळ प्रत.

मी ट्रेवर वाकलो आणि पहिल्यांदा ती पट्टी नीट वाचली. अक्षर लहान होतं. घाईत लिहिलेलं.

*

कापलेल्या नळीच्या जागी मी तिथेच, सगळ्यांसमोर, नवी बसवली. उजव्या हातानं. घाईत. सांधा जाडाभरडा झाला, आणि तो माझा आहे हे आता कुणालाही दुरूनही ओळखू येतं. पुस्तकवाल्यांनी उलगडलेला मेणकागद चिमट्यानं उचलून दात ठेवायच्या डबीत घातला.

ॲम्प पुस्तकात आला. मुखपृष्ठावर नाही, आत, एकशे बाराव्या पानावर. खाली बाईचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात: "पाहणीच्या वेळी एक भाग निकामी झाला. तो एका मिस्त्र्याने बदलला." बेकरीवाल्यानं ते पान दवाखान्यात मोठ्यानं वाचून दाखवलं, मग माझ्याकडे बघून पुढचं पान उलटलं.

रविवारी मी अजून जातो. आता माझ्यासमोर कुणी बाईचं नाव काढत नाही. सगळे सांभाळून घेतात, आणि ते नाव घेण्यापेक्षा जास्त टोचतं. डॉक्टर ॲम्प लावतात, मॅडम डोळे मिटतात. मीही मिटतो. जे ऐकू येतं त्यातलं माझं किती आणि तिचं किती, हे मी कान देऊन वेगळं करू पाहतो, आणि अजूनही, अजूनही, चांगला सूर लागला की पहिल्यांदा मनात येतं: हा तिचा असणार.

*

नळ्या बदलत होतो तेव्हा बायको म्हणाली होती की कुठल्या पाच बदलल्यास ते कागदावर लिहून ठेव. मी लिहिलं नव्हतं.