भिंतीकडे तोंड केलेला आरसा

मी एक जुना आरसा आहे. पण मित्रांनो, कपाटाच्या दारातला किंवा केस विंचरायचा नव्हे. मी गल्लीच्या वळणावर खांबाला लावलेला, पोट पुढे काढलेला, नारिंगी काठाचा गोल आरसा. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझ्या जातीला बहिर्वक्र म्हणतात. गल्लीतली माणसं मला ढेरपोट्या म्हणायची. 'म्हणायची' असं मुद्दाम म्हणतो, कारण हल्ली माझ्याकडे कुणी बघत नाही आणि मलाही कुणी दिसत नाही. वर्गात दंगा केलेल्या मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं करतात ना, तसा मी उभा आहे. नाकासमोर चार बोटांवर भिंत. मी तर दंगाही केला नव्हता! माझा गुन्हा काय होता ते ऐका, आणि जरा घाईने ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा तापवून मऊ केला, खालून हवा सोडली, आणि रुसलेल्या मुलाच्या गालासारखा मी टम्म फुगलो. मग पाठीवर चंदेरी मुलामा चढला. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्यात डोकावून पाहिलं. त्यांना स्वतःचं नाक भोपळ्याएवढं दिसलं, त्या खुदकन हसल्या आणि मी पास झालो. परीक्षा असावी तर अशी.

माझी गल्ली हमरस्त्यापासून सरळ आत येते आणि मध्येच काटकोनात वळते. वळणावर उंच भिंत, त्यामुळे इकडच्याला तिकडचं काही दिसत नाही. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट नाहीच. पाण्याचे जार घेऊन टेम्पो आला, की भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं, आणि त्यासाठी तो येतोय हे आधी कळावं लागतं. एकदा या वळणावर एका म्हाताऱ्या मास्तरांना स्कूटरने उडवलं आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा गल्लीने मला आणलं. शिडीवर चढून मला खांबाला कोणी बसवलं, सांगू? काकांनी. वळणालगतच्या दुमजली घराचे मालक, गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. खाली उतरून त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता खुशाल या कुणीही. आधी दिसाल, मग याल."

काय माझा रुबाब होता तेव्हा! सायकलवाले माझ्याकडे बघून ब्रेक लावायचे. कामाला निघालेल्या बायका माझ्यात बघून केसांची पिन सारखी करायच्या. एक तापट पक्षी रोज सकाळी माझ्यातल्या पक्ष्याशी कचाकचा भांडून जायचा आणि दर वेळी आपणच जिंकलो अशा थाटात उडायचा. कोपऱ्यावरच्या दुकानात एक कॅमेरा आहे. तो स्वतःला फार शहाणा समजतो. पण मित्रांनो, तो झालेलं दाखवतो. मी व्हायच्या आधीचं दाखवायचो.

मग एक दिवस दलाल एका बाईंना खोली दाखवायला घेऊन आला. बाई रुग्णालयात परिचारिका होत्या. पुढे सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणू लागली. बरोबर त्यांची मुलगी होती, जागच्या जागी गरगर फिरणारी, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. दलालाची टकळी सुरू होती. सेफ एरिया आहे ताई, दारांना डबल कड्या आहेत, खिडक्यांना गज आहेत, दुकानात कॅमेरा आहे, सगळी घरंदाज माणसं आहेत. सिस्टरचं लक्षच नव्हतं. त्या वळणावर थांबल्या, मुलीच्या उंचीला येतील अशा उकिडव्या बसल्या आणि तिथून माझ्याकडे पाहिलं. पलीकडून येणारी हातगाडी त्यांना माझ्यात दिसली. त्यांनी बोटाने मुलीला दाखवली. मुलीने हातगाडी पाहिली, मग मला जीभ काढून दाखवली.

"इथेच राहू," सिस्टर म्हणाल्या.

"अहो ताई, खोली तर बघा आधी."

"खोली बघते मग. माझ्या मुलीला ऐकू येत नाही. तिला हॉर्न कळत नाही, हा आरसा कळतो."

मला कुणी एवढं मोठं म्हटलेलं नव्हतं. लोक घर बघताना नळाला पाणी किती वेळ असतं ते बघतात, शेजार बघतात, चोऱ्या होतात का ते हळूच विचारतात. या बाईने माझ्या एकट्याच्या भरवशावर घर केलं. महिन्यातून एकदा त्या लांब काठीला ओलं फडकं बांधून माझा चेहरा पुसायच्या. भिंगरी शाळेतून आली की वळणावर थांबायची, माझ्यात बघायची, वाट मोकळी असली की जीभ दाखवून पळायची. रोज. माझा पगार म्हणा ना तो.

आता काकांचं सांगतो. त्यांचा मुलगा परगावी गेल्यापासून वरचा मजला रिकामा होता. वर कुणी चालत नाही, खुर्ची ओढत नाही, याने ते कावून गेले होते. त्यांना बिऱ्हाड हवं होतं आणि तेही लहान मूल असलेलं. पण लहान मूल असलेले लोक यायचे, माझ्यापाशी थबकायचे आणि विचारायचे, हा आरसा कशाला लावलाय, इथे फार अपघात होतात का? मग विचार करून सांगतो म्हणायचे. तो विचार अजून चालू असेल त्यांचा. भिंतीवर गाड्यांच्या घासण्याचे ओरखडे होते, तेही सगळे नेमके मुलाबाळांवाल्यांनाच दिसत.

शेवटी काकांनी मंडळाच्या लोकांना माझ्याखालीच गोळा केलं. सिस्टर तेव्हा कामावर होत्या. काका म्हणाले, "आजाऱ्याच्या उशाशी औषधाच्या बाटल्या असतात की नाही? पाहुणे यायच्या आत आपण त्या आवरून ठेवतो. तसंच आहे हे." कुणीतरी भिंगरीचं काय म्हणून विचारलं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं काका म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी मला बसवलं होतं, त्यांनीच पाना आणला, नट ढिला केला आणि मला गर्रकन भिंतीकडे फिरवलं. ओरखड्यांवरून रंगाचा हात फिरला. गल्ली कशी गुळगुळीत दिसू लागली असेल!

दुपारी बिऱ्हाड आलं. आवाजावरून कळलं, नवरा-बायको आणि एक बाळ. काका त्यांना वर घेऊन गेले. तेवढ्यात हमरस्त्याकडून ओळखीचे बूट वाजले. भिंगरीच्या एका बुटाचा तळ सुटला होता, चट चट वाजायचा. वळणाशी येऊन तो आवाज थांबला. तिने वर पाहिलं असणार. तिला माझी पाठ दिसली असणार. मित्रांनो, तिला ऐकू येत नव्हतं आणि मला दिसत नव्हतं. आम्ही दोघं मिळून एक होतो, तेच त्यांनी तोडलं.

टेम्पो आला, घरघरत गेला. मोटारसायकल गेली. बूट हलेनात. मग तिने धीर केला असावा, कारण एक पाऊल वाजलं, दुसरं वाजलं आणि समोरून स्कूटर किंचाळत आली. तिचा डबा रस्त्यावर आपटून घरंगळत गेला. स्कूटरवाला शिव्या देत निघून गेला. भिंतीला दप्तर घासत खाली गेल्याचा आवाज आला. ती बसली होती. तिचं घर वळणापलीकडे चौथं दार होतं.

वरच्या खिडकीतून बाळाच्या आईने विचारलं, "ती मुलगी तिथे का बसली आहे हो?"

"आईची वाट बघतेय," काका म्हणाले.

खाली येऊन तिचा हात धरून तिला पलीकडे नेणं त्यांना अवघड नव्हतं. पण मग तिला का न्यावं लागतं, हे सांगावं लागलं असतं.

दिवे लागायच्या वेळेला सिस्टर आल्या तेव्हा भिंगरी तिथेच होती. माझ्या आयुष्यात मी सिस्टरचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या काकांच्या दारात उभ्या राहिल्या. मी इथे कशाच्या भरवशावर राहिले ते ठाऊक असून हे केलंत, असं त्या म्हणाल्या.

"सिस्टर, पण काही झालं तर नाही ना?" काका म्हणाले.

"नाही झालं. म्हणूनच तुम्ही तो परत फिरवणार नाही. काही झालं असतं तर उद्या सकाळी फिरवला असता."

त्यांनी स्टूल आणलं आणि माझ्या नटाला हातांनी जोर लावला. नट बधला नाही. मग त्या दारोदार पाना मागत गेल्या. प्रत्येक दारातून एकच उत्तर, काकांना विचारा. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुग्णालयातल्या मिस्त्रीचा पाना आणून मला फिरवलं. अहाहा, तो उजेड! ती अख्खी गल्ली, आणि खाली एवढीशी भिंगरी, जीभ बाहेर! त्याच्या पुढच्या दिवशी सिस्टर कामावर गेल्या, आणि काकांनी मला पुन्हा भिंतीकडे फिरवून नटाचं टोक हातोडीने चेपून टाकलं. आता पानाही चालणार नव्हता. वरचं बिऱ्हाड त्याच दिवशी सामान घेऊन येणार होतं.

सिस्टरनी गल्ली सोडली. जाण्याआधी भिंगरीने खांबावर दोनदा थाप मारली. घरात आईला हाक मारायची तर ती अशीच टेबलावर थाप मारायची, सिस्टरनीच एकदा फडक्याने मला पुसताना कुणाला तरी सांगितलं होतं. माझे सगळे स्क्रू थरथरले. पण मला वळून बघता येत नाही.

आणि आता मित्रांनो, ज्यासाठी घाई केली ते ऐका. वरच्या बिऱ्हाडातलं बाळ चालू लागलं, पळू लागलं. त्याचे बाबा फोनवर सगळ्यांना सांगतात, गल्ली अगदी सेफ आहे, आम्ही नीट बघून घेतली. काकांनी त्याला हौसेने तीनचाकी सायकल आणून दिली. तो त्यांना आजोबा म्हणतो आणि त्या हाकेसरशी काका विरघळतात. मला परत फिरवावं असं त्यांच्या मनात येत नसेल का? येतं. एकदा ते खांबाशी स्टूल घेऊन आले, वर चढले आणि चेपलेल्या नटावरून बोट फिरवत राहिले. पण मला फिरवलं तर बाळाचे बाबा विचारतील, हा आरसा होता कुठे इतके दिवस? आणि मग बिऱ्हाड जाईल, बाळ जाईल, वरचा मजला पुन्हा मुका होईल. म्हणून मला फिरवायच्या ऐवजी काका स्वतःच वळणावर उभे राहतात. काठी टेकत येतात, हवा खायला आलोय असं सगळ्यांना सांगतात, आणि सायकल वाजली की त्यांची काठी आधी पलीकडे जाऊन ठकठकते, मग ते म्हणतात, ये रे बाळा.

माणसाचा आरसा झालाय. पण माणूस थकतो. त्याला ताप येतो, डुलकी लागते.

आज सकाळपासून काकांची काठी वाजलेली नाही. वर कुणीतरी म्हणत होतं, आजोबांना अंग मोडून ताप आलाय, दंगा करू नकोस, खाली जाऊन खेळ. जिना उतरल्याचा आवाज आला. आता फाटक करकरलं. सायकलची चाकं खडखडायला लागली आहेत, आणि हमरस्त्याच्या बाजूने जारचा टेम्पो गल्लीत शिरल्याची घरघर मला खांबातून कळते आहे. दोघांतल्या कुणालाच दुसरा दिसत नाही. मला दोघेही ऐकू येतात आणि मला हाक मारता येत नाही.

तुम्ही कुठे नवं घर बघायला गेलात, तर गुळगुळीत भिंतीवर भाळू नका. तिथल्या सर्वांत लहान माणसाच्या उंचीला बसा आणि तिथून रस्ता बघा. आणि या गल्लीत आत्ता कुणी असाल तर धावा. करवत आणा, नट कापा, नाहीतर नुसते त्या वळणावर हात पसरून उभे राहा. मला वळवा. मग हवी तर गल्ली नापसंत करा.